सिनेगॉग दूर असताना घरी शब्बाथ कसा पाळावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यातील बेने इस्रायल (कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील) कुटुंबात वाढलात, पण घरी सणांपलीकडे फारसे काही पाळले जात नव्हते. आता नोकरीनिमित्त नागपूरला स्थायिक झाला आहात आणि तिथे ओळखीची पाच-सहाच ज्यू कुटुंबे आहेत. सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषांचे मिनियान जमण्याची शक्यता नाही आणि हिब्रू वाचू शकणारे दोघेच आहेत. काही जणांचे जोडीदार ज्यू नाहीत, शिवाय दोन-तीन शेजाऱ्यांनाही कुतूहल आणि आपुलकी आहे. अशा मंडळींना घेऊन शुक्रवारची संध्याकाळ मोकळेपणाने साजरी करता येईल का आणि केल्यास तो खरा शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस) ठरेल का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली तीस-बत्तीस वर्षे मी कोकणात आणि नंतर ठाण्यात शुक्रवारची प्रार्थना चालवत आलो आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक शुक्रवार दहा माणसे न जमलेल्या खोल्यांत गेले. त्या अनुभवावरून सांगतो की तो नक्कीच खरा शब्बाथ ठरेल. 'सिनेगॉग नाही म्हणून घरी' अशी तडजोडीची भावना मात्र तुम्ही आधी मनातून काढून टाकावी. आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर), शाआर हाराहामीम, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत 1796 मध्ये उभारले. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर लागल्याची परंपरा आपण सांगतो. त्यानंतर कित्येक पिढ्या किहीम, झिराड, पेण, रोहे, चौल अशा गावांत विखुरलेल्या या लोकांकडे ना सिनेगॉग होते, ना सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी), ना हिब्रू पुस्तके. त्यांच्याकडे शमा इस्रायल ('हे इस्रायल, ऐक') ही प्रार्थनेची ओळ होती, सुंता होती, खाण्याचे नियम होते आणि शनिवारी बंद राहणारा तेलाचा घाणा होता. गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले ते याच एका गोष्टीवरून. म्हणजे ज्या शब्बाथने आपली ओळख टिकवली, तो घरातला, मराठी बोलणारा आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पाळलेला शब्बाथ होता. तुम्ही तेच पुन्हा करत आहात.

त्या घाण्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण पाहुण्यांविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. दहा आज्ञांमधील शब्बाथची आज्ञा केवळ घरधन्याला उद्देशून नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांचा तिच्यात उल्लेख आहे. 'अनुवाद' या तोरातील पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर बैलाचे आणि गाढवाचे वेगळे नाव घेतले आहे आणि कारण दिले आहे की तूही मिसर देशात दास होतास. कोकणातल्या तेल्याच्या घरी ही आज्ञा अक्षरशः पाळली जात असे, कारण घाणा थांबला की बैल आपोआप थांबत असे. म्हणून ज्यू नसलेल्या जोडीदाराला किंवा शेजाऱ्याला या मेजावर बसवणे हा नव्या काळाचा उदारपणा मानू नये. विसाव्याचे वर्तुळ घरापाशी संपू नये, हे मूळ आज्ञेतच सांगितलेले आहे.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळतो आणि सुरुवात वेळेपासून करतो, कारण नागपुरात इथेच चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. दिवे सूर्यास्तापूर्वी लावायचे असतात आणि प्रचलित रीत 18 मिनिटे आधीची आहे. आपल्या बहुतेक घरांत मुंबईत छापलेली पंचांगवजा दिनदर्शिका असते आणि तिच्यातील वेळा मुंबईच्या असतात. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य जवळजवळ 25 मिनिटे आधी मावळतो. मुंबईची वेळ पाहून दिवे लावले तर तुमच्याकडे सूर्यास्त होऊन काही मिनिटे झालेली असतील, म्हणजे शब्बाथ सुरू झाल्यावर तुम्ही अग्नी पेटवाल. नागपूरचा सूर्यास्त स्वतंत्रपणे पाहावा, त्यातून 18 मिनिटे वजा करावीत आणि वर्षभराच्या वेळा एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघरात लावून ठेवावा.

दिव्यांसाठी मेणबत्त्याच हव्यात असे नाही. आपल्या आज्या काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात वात असा दिवा लावत, आणि आपल्या सिनेगॉगमध्ये छताला टांगलेले तेलाचे पेलेही त्याच घडणीचे असतात. नागपूरच्या थंडीत खोबरेल गोठते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुसरे एखादे गोडे तेल वापरावे. जेवण संपेपर्यंत दिवा टिकेल एवढे तेल घालावे आणि जागा आधीच ठरवावी, कारण लावलेला दिवा नंतर हलवायचा नाही. ब्राखा (देवाची स्तुती करणारे आशीर्वचन) आधी म्हणावी की वात लावल्यावर डोळे झाकून म्हणावी, याबाबत घराघरांत फरक आहे. तुमच्या घराण्यात जे चालत आले असेल ते ठेवावे, आणि काहीच आठवत नसेल तर जमलेल्यांतील सर्वांत वयस्कर स्त्रीला विचारावे. तिला बहुधा आठवते, आणि विचारल्याने तिला आनंदही होतो.

दिवे लावण्यापूर्वीच्या तासाभराला मी संध्याकाळचा अर्धा भाग मानतो. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे 39 प्रकार परंपरेने सांगितले आहेत. ते सगळे तुमच्या मंडळींनी पहिल्याच शुक्रवारी पाळावेत अशी अपेक्षा धरू नका, पण यजमानाच्या घरात तरी ते मोडण्याची वेळ पाहुण्यावर येऊ नये, एवढी तयारी करता येते. घराची घंटा विजेची असते, म्हणून दार नुसते लोटून ठेवावे. सोसायटीच्या फाटकावर नोंदवहीत नाव लिहावे लागते आणि लिहिणे हे वर्ज्य कामांपैकी एक आहे, म्हणून येणाऱ्यांची यादी दुपारीच पहारेकऱ्याकडे द्यावी. दिवाणखान्यातले आणि न्हाणीघरातले दिवे आधीच लावून ठेवावेत, फ्रिजमधला छोटा दिवा काढून ठेवावा आणि अन्न गरम राहील अशा कॅसरोलमध्ये भरावे. छायाचित्रे हवी असतील तर ती दिवे लावण्यापूर्वी काढून घ्यावीत आणि त्यानंतर फोन आतल्या खोलीत एका टोपलीत ठेवावेत. ही विनंती निमंत्रणातच स्पष्ट शब्दांत केलेली असावी, दारात आल्यावर अचानक सांगू नये. खर्चासाठी वर्गणी काढणार असाल तर ती गुरुवारपर्यंत गोळा करावी, कारण शब्बाथला पैशाची देवघेव करायची नसते. दानपेटीत नाणे टाकायचे असेल तर तेही दिव्यांपूर्वी टाकावे, आणि हे काम मुलांकडे सोपवावे.

याच संदर्भात एक गोष्ट आग्रहाने सांगतो. काही घरांत ज्यू नसलेल्या पाहुण्याला 'जरा पंखा लावता का' असे सहज सांगितले जाते. आपल्याला वर्ज्य असलेले काम दुसऱ्याला करायला सांगणे धर्मशास्त्राला मान्य नाहीच, पण त्याहूनही ज्याला विसाव्यात सहभागी व्हायला बोलावले, त्यालाच कामाला लावल्यासारखे ते होते. मला ते फार खटकते. पंखा आधीच लावून ठेवावा.

कोणी गाडीने आले, कोणी कार्यालयातून थेट आणि उशिरा आले, तर त्याबद्दल प्रश्न विचारू नये. यजमानाने स्वतः काय पाळावे याबाबत कठोर असावे आणि इतरांनी काय पाळावे याबाबत मौन बाळगावे. छोट्या समुदायात मला तरी याखेरीज दुसरा मार्ग सापडलेला नाही.

प्रार्थनेबद्दल सांगायचे तर मिनियान नसताना काय गळते आणि काय राहते हे नीट समजून घ्यावे. बारखू (प्रार्थनेचे जाहीर आवाहन), कद्दीश (मृतांच्या स्मरणार्थही म्हटली जाणारी देवस्तुती) आणि सेफेर तोराचे सार्वजनिक वाचन यांना दहा जण लागतात, त्यामुळे तेवढे सोडून द्यावे. शब्बाथच्या स्वागताची स्तोत्रे, लेखा दोदी हे गीत, शमा आणि प्रत्येकाने मनातल्या मनात म्हणायची अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) यांना कोणतीही अट नाही. किद्दूशलाही (पेला हातात घेऊन म्हणायच्या शब्बाथच्या पवित्रीकरणालाही) मिनियान लागत नाही, आणि किद्दूशचे कर्तव्य स्त्रियांवर पुरुषांइतकेच आहे, असे ताल्मुद या धर्मशास्त्राच्या ग्रंथातच सांगितले आहे. त्यामुळे हिब्रू येणाऱ्या दोघांपैकी एक स्त्री असेल तर तिने पेला हातात घ्यावा. पुरुष येईपर्यंत थांबून राहण्याचे कारण नाही. कद्दीश म्हणता येत नाही याचे दुःख मात्र ज्यांच्या घरी वर्षभरात कोणी गेले आहे त्यांना होतेच. अशा वेळी त्या व्यक्तीचे नाव घेऊन एक स्तोत्र वाचावे आणि वर्षातून एकदोनदा मुंबई, ठाणे किंवा पुण्याच्या सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दीश म्हणावे.

भाषेबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी कोकणातील एका घरी शुक्रवारची प्रार्थना चालू असताना एक तरुण स्त्री प्रथमच आली. तिची आजी बेने इस्रायल होती, पण तिला स्वतःला काहीच ठाऊक नव्हते. मी तिच्या हाती हिब्रू प्रार्थनापुस्तक दिले आणि वेळ झाली म्हणून लगेच सुरुवात केली. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडते हेही तिला कोणी सांगितले नाही. तासभर ती चुकीचे पान उघडून, मान खाली घालून बसली होती. ती पुन्हा कधी आली नाही. तिच्याकडे जाऊन पान दाखवायला मला अर्धे मिनिट लागले असते. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या माणसाशेजारी एका जाणत्याला बसवल्याशिवाय पहिला शब्द उच्चारत नाही, आणि तुम्हीही हे कटाक्षाने करावे.

उच्चारांसाठी देवनागरीत लिहिलेली चार पाने तयार करावीत आणि प्रत्येक हिब्रू ओळीखाली मराठी अर्थ द्यावा. मराठीत प्रार्थना समजून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली ती अशाच लोकांसाठी, ज्यांच्या ओठांवर हिब्रू होती पण अर्थ मराठीतूनच उमगत होता. माझ्या अनुभवात शमा आणि ब्राखा हिब्रूत ठेवाव्यात, कारण तेवढे शब्द सर्वांच्या कानात असतात आणि एकत्र म्हणताना अंगावर येतात. 92वे स्तोत्र, जे शब्बाथच्या दिवसाचेच गीत आहे, ते मराठीत एकेकाने एकेक ओळ घेऊन वाचावे. त्यात ज्यू नसलेले पाहुणेही संकोचाविना भाग घेऊ शकतात.

लेखा दोदी मात्र सगळे गावे, चाल कोणतीही असो. सोळाव्या शतकात गालीलमधील सफेद या गावी श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेल्या या गीतात शब्बाथला वधू म्हटले आहे. शेवटच्या कडव्याला सर्वांनी उभे राहून दाराकडे वळायचे असते. तुमचे दार त्या दिवशी लोटलेलेच असणार. एकदा ठाण्यातील एका घरी नेमके त्याच कडव्याला उशिरा आलेले एक आजोबा दार ढकलून आत आले आणि सगळी खोली त्यांच्याकडे तोंड करून गात उभी होती. ते क्षणभर उंबरठ्यावरच थबकले आणि मग त्यांनीही पुढचा शब्द उचलला.

यानंतर मेज. मुलांना आशीर्वाद देण्याची पद्धत अनेक घरांतून गळून गेली आहे, ती तुम्ही जरूर परत आणावी. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून 'देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखे करो' असे म्हणायचे आणि मुलीला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांचे नाव घेऊन आशीर्वाद द्यायचा. मूल कोणाचे आहे हे पाहू नये. शेजाऱ्यांची मुले असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारून त्यांच्याही डोक्यावर हात ठेवावा.

किद्दूशसाठी द्राक्षारस लागतो. कोकणात द्राक्षमळे नव्हते आणि कोशेर (ज्यू आहारनियमांनुसार चालणारी) वाइन मिळत नव्हती, म्हणून आपल्याकडे काळ्या मनुकांचे सरबत रूढ झाले आणि आज वाइन मिळत असतानाही बहुतेक घरांत तेच होते. मनुका स्वच्छ धुवून सकाळी पाण्यात भिजत घालाव्यात, दुपारी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्कराव्यात आणि फडक्यातून गाळून घ्याव्यात. पाण्याला मनुकांचा रंग आणि गोडी पूर्ण उतरली पाहिजे. नुसते रंगीत पाणी झाले तर त्यावर द्राक्षफळाची ब्राखा म्हणता येणार नाही. लहान मुले, औषधे घेणारी वडीलधारी मंडळी आणि मद्य न घेणारे शेजारी या सर्वांना एकाच पेल्यातून देता येते, म्हणून तुमच्यासारख्या मिश्र मेळाव्याला मी वाइनपेक्षा सरबतच सुचवेन. किद्दूशचा पेला एका प्रचलित गणनेप्रमाणे किमान 86 मिलिलीटरचा असावा आणि तो काठोकाठ भरावा.

हात धुऊन, ब्राखा म्हणून, मध्ये काही न बोलता भाकरीकडे यायचे. येथे आपल्या लोकांचा एक गोंधळ नेहमी होतो. हामोत्सीची (भाकरी मोडताना म्हणायची) ब्राखा गहू, जव इत्यादी पाच ठरावीक धान्यांच्या भाकरीवरच म्हणता येते. तांदळाची भाकरी कोकणी माणसाला कितीही प्रिय असली तरी ती त्यात बसत नाही. विदर्भातील ज्वारीच्या भाकरीचेही तेच. गव्हाच्या दोन अख्ख्या पोळ्या किंवा पाव घ्यावेत आणि स्वच्छ फडक्याने झाकून ठेवावेत. वाळवंटात इस्रायली लोकांना शुक्रवारी मान्ना हे देवाने दिलेले अन्न दुप्पट मिळे, त्याची आठवण म्हणून दोन. तुकडे मिठाला लावून सर्वांना द्यावेत, आणि तांदळाची भाकरी पुढे जेवणात खुशाल वाढावी.

स्वयंपाकाबद्दल माझे स्पष्ट मत असे की जिथे कोशेर मांसाची खात्रीलायक सोय नाही तिथे मांसाचा विचारच करू नये. शाकाहार किंवा मासळी ठेवावी, म्हणजे दूध आणि मांस एकत्र येण्याचा प्रश्नही उरत नाही. मासळी खवल्यांची आणि परांची (पोहण्याच्या पंखांची) हवी, म्हणजे सुरमई, रावस, पापलेट, किंवा नागपुरात मिळणारी रोहू. कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या चालत नाहीत. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाचे ज्यू शिक्षक कोकणात आले तेव्हा हे लोक खरोखर इस्रायली आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले व पर नसलेली मासळी बाजूला काढली. आपल्या समाजाची परीक्षा घरातल्या स्वयंपाकघरात झाली आणि ती स्त्रियांनी उत्तीर्ण केली, हे मला फार मोलाचे वाटते. पाहुण्यांनी पदार्थ करून आणण्याची इच्छा दाखवली तर फळे आणायला सांगावे. त्यांचे मन मोडत नाही आणि तुम्हालाही चौकशी करावी लागत नाही.

जेवताना त्या आठवड्याच्या पाराशातील (तोराच्या साप्ताहिक पाठातील) एखादा प्रसंग कोणीतरी मराठीत सांगावा आणि त्यावर ज्याला जे सुचेल ते बोलू द्यावे. येथे व्याख्यान होऊ देऊ नये. एक चांगला प्रश्न पुरतो. शेजाऱ्यांच्या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे द्यावीत आणि एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर पुढच्या शुक्रवारी सांगतो म्हणावे. निरोप घेताना आपली हातबोशी करावी, म्हणजे समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मग आपलीच बोटे ओठांना लावावीत. सिनेगॉगमध्ये थोरांपासून सुरू होऊन ती सर्वांपर्यंत पोहोचते. घरातही तशीच करावी आणि कोणी पाहुणा गोंधळला तर आपण आधी हात पुढे करावेत.

प्रत्येक शुक्रवारी सगळे जमतील असा आग्रह सुरुवातीला धरू नये. महिन्यातून एक शुक्रवार पक्का करावा, उदाहरणार्थ पहिला, आणि दोनच कुटुंबे आली तरी तो रद्द करू नये. ज्यांना शुक्रवार जमत नाही त्यांच्यासाठी शनिवारी रात्रीचा हावदाला (शब्बाथला निरोप देण्याचा विधी) ठेवावा. तो जेमतेम दहा मिनिटांचा असतो आणि मुलांना सर्वांत जास्त आवडतो. तीन तारे दिसल्यावर शब्बाथ संपतो असे म्हणतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरच्या ढगांतून तारे दिसणार नाहीत, म्हणून तीही वेळ त्याच कागदावर लिहून ठेवावी. सरबताचा पेला, सुगंधासाठी वेलची-लवंग किंवा कुंडीतल्या सब्जाची डहाळी, आणि एकाहून अधिक वातींची मेणबत्ती एवढेच साहित्य लागते. पिळाची मेणबत्ती मिळाली नाही तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धराव्यात. त्या उजेडात सर्वांनी आपली नखे पाहावीत, सब्जाची डहाळी हातोहात फिरवावी आणि मेणबत्ती सरबतात विझवून एलियाहू हन्नाबीचे (संदेष्टा एलियाचे) गाणे म्हणावे. आतल्या खोलीतली फोनची टोपली त्यानंतर बाहेर आणावी.